वडगावच्या गाण्याचे एक्केचाळीस कट

सायलीनं मला बेळगावला बोलावलं ते कामासाठी. सायली माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बेळगावातल्या एका कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिच्या वर्गाला यंदा एका पेपरऐवजी म्युझिक व्हिडिओ करून द्यायचा होता. गाणं स्वतःचं, शूटिंग मोबाइलवर, एडिटिंगही स्वतःच. महिनाभर आधी तिनं मला फोनवर एक शीट पाठवली. वार, ठिकाण, वेळ, शॉट, कोणी काय आणायचं, असे रकाने. ऊन कुठल्या वेळी कुठल्या बाजूनं येणार याचाही एक रकाना होता, तो कुठल्याशा ॲपवरून भरलेला. सगळ्यात खालच्या ओळीत माझं नाव: ‘मामा – मार्गदर्शन, आणि नाश्ता.’

अकोल्यात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. सव्वीस वर्षं मी लोकांची लग्नं कापतो आणि जोडतो. इतकी पद्धतशीर शीट मी एकदाही केली नव्हती. ते काही तिला सांगितलं नाही. जानेवारीत आमच्याकडे लग्नं कमी होती, दुकान मुलावर टाकलं आणि निघालो.

शहापूर

ताईचं घर शहापुरात, बेळगावच्या दक्षिणेला. ती अकोल्याहून इथं आली त्याला चोवीस वर्षं झाली. माहेरी होती तोवर ‘काय करून राह्यला’ म्हणायची. दार उघडल्यावर म्हणाली, “आलास व्हय रं? हात धू आधी, जेवून घे. मग बोलू, लई बोलायचं हाय.” मागून दूधवाला आला तर त्याच्याशी ती कानडीत बोलली, आणि तो गेल्यावर माझ्याशी पुन्हा मराठीत. मधे कुठं सांधा दिसला नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडच्या ठेच्यापुढे ती चटणी मवाळ वाटली, पण तिसऱ्या घासाला जिभेवर चढली. शेवटी ताईनं बाजारातून आणलेले मांडे वाढले. रुमालासारखी घडी घातलेला, कागदाहून पातळ असा तो पदार्थ मी पापड समजून मोडला. आतली पिठीसाखर सगळी शर्टावर. ताई हसली नाही, सायली हसली.

संध्याकाळी बाकीचे दोघे आले. विनायक उचगावचा, शेतकऱ्याचा मुलगा, अंगानं सडपातळ आणि बोलायला मोकळा. गाणं त्यानंच लिहिलेलं आणि गायलेलं. गाणं हातांवर होतं: विणणारे हात, तंबाखू उलटणारे हात, रताळी काढणारे हात. दुसरी कावेरी. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली. मला जरा अवघडल्यासारखं झालं. मग सायलीनं सांगितलं, “मामा, कावेरी पाच वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. एका कानाला मशीन हाय, पण त्यातनं नुसता गलका येतोय म्हणती. तुमच्या ओठांवरनं वाचते ती. तिच्याकडं बघून बोला म्हणजे झालं.”

मी शीट पुन्हा उघडून पाहिली. ‘एडिटिंग’ या रकान्यात नाव होतं कावेरीचं.

“हे कसं?” मी सायलीला हळूच विचारलं.

“तिनंच मागून घेतलं.”

मी मान डोलावली. गाण्याचं एडिटिंग आणि ही, एवढंच माझ्या मनात आलं.

वडगाव

कावेरीचं घर वडगावात, आणि तिची आई शोभाक्का तिथल्याच एका मागाच्या कारखान्यात कामाला. आपल्याकडे पॉवरलूम म्हणतात त्यालाच इथं नुसतं माग म्हणतात. एका लांब पत्र्याच्या शेडमध्ये सोळा माग, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, वरून पारदर्शक पत्र्यांतून पडणारा उजेड. मालकानं शूटिंगला परवानगी दिली होती, पण माग थांबणार नाहीत या अटीवर. साड्यांची ऑर्डर होती.

मी लग्नातले बँड ऐकले आहेत, डीजेच्या भिंतीशेजारी उभा राहून कॅमेरा धरला आहे. पण तो आवाज बाहेरून येतो. हा आवाज आपल्या दातांतून येतोय असं वाटलं. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला एक फटका, असे सोळा माग, प्रत्येकाचा ताल निराळा.

शीटमध्ये लिहिलं होतं: ‘विनायक मागांमधून चालत गातो, पहिलं कडवं, स्पीकरवर गाणं लावून.’ स्पीकर लावला. त्याचा दिवा लुकलुकत होता म्हणून तो चालू आहे एवढंच कळलं. विनायकनं त्याला कान चिकटवला आणि मान हलवली. गाणंच ऐकू येईना तर ओठ हलवायचे कशाच्या आधारानं? मी मार्गदर्शन करायला पुढे झालो आणि ओरडून काहीतरी म्हणालो. माझं मलाच ऐकू आलं नाही.

तेवढ्यात कावेरीनं कानातलं मशीन काढलं, छोट्या डबीत ठेवलं आणि डबी पर्समध्ये टाकली. मग ती कॅमेऱ्याच्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या फोनवर गाण्याची लहर सरकत होती, ठोका असेल तिथं उंच, शब्द असतील तिथं दाट. लहरीच्या खाली तिनं गाण्याचे शब्द टाकून ठेवले होते. एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं ती ठोके दाखवायला लागली, आणि ओठांनी शब्द. विनायक तिच्याकडे बघत चालत आला आणि कडवं गायला. तीन वेळा केलं. संध्याकाळी घरी लॅपटॉपवर जुळवून पाहिलं, तर तिसरा टेक गाण्यावर चपखल बसला.

त्या शेडमध्ये मी आणखी एक गोष्ट पाहिली. तिथं कुणीच बोलत नव्हतं, आणि सगळे सारखे बोलत होते. या मागावरची बाई त्या मागावरच्या बाईला ओठांनी आणि हातांनी सांगत होती. पाच बोटं तोंडाशी नेली की जेवण. ओठावर मिशी पिळल्यासारखं केलं की मालक आला. हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही, महिनाभर काम केलं की येतं. बाहेर कोपऱ्यात बसणारी कावेरी इथं एकाच वेळी चार जणींशी गप्पा मारत होती. आम्ही तिघं मात्र एकमेकांच्या कानाशी लागून ओरडत होतो. माझ्यासाठीही बायकांनी लगेच एक खूण ठरवली: पोटावरून गोल हात. मी कुठं उभा आहे हे त्या एकमेकींना त्या खुणेनं सांगत होत्या आणि हसत होत्या.

निघताना शोभाक्का माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, “अण्णा, पोरीला नीट शिकवा हं. लई आशेवर हाय ती.”

निपाणी

दुसऱ्या दिवशी एसटीसारखीच, पण लाल नसलेली बस धरून निपाणीकडे गेलो. विनायकच्या वडिलांच्या ओळखीचे एक शेतकरी, सगळे त्यांना आप्पा म्हणत, हमरस्त्यापासून आत त्यांचं रान. तंबाखू कापून तिथंच जमिनीवर पसरली होती. हिरवी पानं उन्हात वाळून तपकिरी होत होती आणि बायका ओळीनं ती उलटत होत्या. आमच्याकडे कापसाचं रान पांढरं होतं ते मला ठाऊक. असं जमिनीलाच कातडं आल्यासारखं रान पहिल्यांदा पाहिलं.

ॲपनं सांगितलेल्या वेळी ॲपनं सांगितलेल्या बाजूनं ऊन आलं. विनायक पानांच्या मधे उभा राहिला, पहिली ओळ म्हणाला आणि शिंकला. दुसऱ्यांदा सुरू केलं, शिंकला. मग सायली शिंकली, तिच्या हातातला फोन हलला. मग मी. उलटलेल्या पानांची धूळ नाकात अशी जाते की डोळ्यांतूनही शिंक येते असं वाटतं.

आप्पा बांधावर बसून बघत होते. म्हणाले, “शिंकून घ्या एकदा पोटभर. दम काढा. मग येत न्हाय.” त्यांनी पाणी आणि गुळाचा खडा दिला. ओल्या फडक्यानं तोंड पुसायला लावलं. अर्ध्या तासानं शिंका खरोखर थांबल्या, पण शीटमधलं ऊन तोवर निघून गेलं होतं. जे उरलं त्यात काम केलं. कावेरी विनायकला सोडून बायकांच्या हातांचे शॉट घेत राहिली, एकाच बाईच्या हातांचे वीस-पंचवीस. मला ते फुकट जागा खाणारं वाटलं.

“ही पोरगी कुणाची?” आप्पांनी विचारलं.

सायली म्हणाली, “आप्पा, तिला ऐकू येत न्हाय.”

“मी तिला विचारलंय की,” आप्पा म्हणाले. मग कावेरीपुढे उकिडवे बसले आणि सावकाश म्हणाले, “कुणाची गं तू?”

“वडगावची. शोभाची,” कावेरी म्हणाली. तिचे काही शब्द गिळल्यासारखे येतात, पण कळतात.

दुपारी भाकरी, खर्डा आणि वांग्याची भाजी रानातच झाली. वाढणाऱ्या मावशी भाकऱ्या मोजत होत्या कानडीत आणि आग्रह करत होत्या मराठीत.

उचगाव

उचगावात विनायकच्या घरच्या रानात रताळी काढायची चालली होती. वडील सकाळी रानात आणि दुपारनंतर शहरातल्या एका फाउंड्रीत पाळीला. त्यांना मुलाच्या गाण्याबद्दल काय वाटतं असं मी विचारलं. “करंना. नोकरी लागंस्तवर करूदे,” म्हणाले आणि कुदळ उचलली. कुदळ मारताना त्यांचे शॉट सायलीनं घेतले. विनायकच्या आईनं राखेत भाजलेली रताळी दिली, वरची साल काळी आणि आत मध. मी चार खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत त्याची शिक्षा भोगली.

शूटिंग संपलं. रोज घरी गेल्यावर कावेरी त्या दिवसाचं साहित्य लावत होती. प्रोजेक्ट ऑनलाइन ठेवलेला होता. तिघांपैकी कुणीही आपल्या लॅपटॉपवर उघडावा, काम करावं, बाकीच्यांना ते दिसावं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईच्या माडीवर तिनं आम्हाला पहिला जोड दाखवला.

मी पाहिलं आणि मला खटकलं. गाण्याच्या व्हिडिओत कट ठोक्यावर पडतो. हे मला कुणी शिकवलं नाही, सव्वीस वर्षांत हातात बसलंय. वरमाला गळ्यात पडते, ताशा वाजतो, कट. कावेरीचे कट ठोक्याच्या थोडे आधी पडत होते. सगळेच नाहीत, पण बरेच. मला वाटलं, बिचारीला ऐकू येत नाही, लहर बघून अंदाजानं लावलंय, चुकणारच.

ती माझ्याकडे बघत होती. मी अंगठा वर केला आणि म्हणालो, “छान.”

मग मी खिडकीकडे तोंड वळवलं आणि सायलीला म्हणालो, “कट सगळे चुकलेत. असं दाखवलं तर लोक हसतील.”

विनायकही खिडकीकडे वळला. “मामा, तुम्हीच एकदा हात फिरवा की. तिला कशाला सांगायचं? वाईट वाटंल तिला.”

कावेरी घरी गेल्यावर मी सायलीच्या लॅपटॉपवर बसलो. दोन तास लागले. एकेक कट धरला आणि ठोक्यावर आणून ठेवला. एक्केचाळीस कट. पुन्हा लावून पाहिलं, गाणं घड्याळासारखं चालत होतं. विनायक खूश झाला. सायली म्हणाली, “मामा, तिला सांगायला पायजे होतं.” मी म्हणालो, “अगं, तिला कळणारही नाही.”

खडेबाजार

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला साडी आणि घरच्यांना कुंदा घ्यायला खडेबाजारात गेलो. साडीच्या दुकानदारानं मला तीन भाषांत साड्या दाखवल्या. मी वडगावच्या मागावरची आहे का असं विचारलं तर म्हणाला, “इथली हाय, पन कुठल्या मागावरची ते साडीवर लिवलेलं नसतंय.” कुंदा तोंडात टाकला. दुधाचा, खरपूस, आपल्या खव्यापेक्षा रवाळ. दोन डबे घेतले आणि घरी आलो.

माडीवर कावेरी उभी होती. तिच्या हातात फोन होता आणि तो तिनं सायलीपुढे धरला होता. त्या प्रोजेक्टमध्ये बाजूला एक यादी असते: कुणी, किती वाजता, काय बदललं. मी ती कधी उघडून पाहिली नव्हती, कारण दुकानात एडिटिंग मी एकटाच करतो. यादीत ‘सायली – क्लिप सरकवली’ ही एकच ओळ खालपर्यंत गेली होती. लॅपटॉप सायलीचा होता, त्यामुळे नाव तिचं.

“तू केलंस?” कावेरी विचारत होती.

सायलीनं उत्तर दिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. विनायक जिन्यात थांबला होता. दोघी पहिलीपासूनच्या मैत्रिणी आहेत हे मला ताईनं आल्या दिवशीच सांगितलं होतं. कुंद्याची पिशवी मी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मग म्हणालो, “मी केलं.”

कावेरी सायलीकडेच बघत राहिली. मी जमिनीकडे बघून बोललो होतो. सायलीनं तिच्या खांद्याला हात लावला आणि माझ्याकडे बोट केलं. कावेरी वळली.

“काय?”

आता तिच्या डोळ्यांत बघून तेच पुन्हा बोलावं लागलं. पहिल्यापेक्षा ते अवघड गेलं. “मी केलं. सायलीनं नाही. तुला सांगायला पाहिजे, असं ती म्हणत होती.”

“काल तुम्ही छान म्हटलात.”

“हो.”

“मग तोंड फिरवलंत. मला तेव्हाच कळलं. लोकांना वाईट बोलायचं असलं की तोंड फिरवतात.” ती थांबली. “माझ्याशी बोलला असता तर मी ऐकलं असतं, मामा.”

तिनं फोन पर्समध्ये ठेवला. “एडिटिंगला माझं नाव घालू नका. तुमचं घाला,” म्हणाली आणि जिना उतरून गेली. व्हिडिओ दुसऱ्या दिवशी दुपारी चारला द्यायचा होता.

ताईनं जेवायला वाढलं. कुणी कुंद्याचा डबा उघडला नाही. ताई मला एवढंच म्हणाली, “तू ल्हानपणापास्नं असाच हाईस. दुसऱ्याची पाटी पुसून स्वतःचं अक्षर काढायचास.” मला ते आठवत नव्हतं, पण ती उगाच बोलणारी बाई नाही.

पुन्हा वडगाव

दुपारी आम्ही तिघंही वडगावला गेलो, सायली तिच्या स्कूटरवर, मी आणि विनायक रिक्षानं. कावेरी कारखान्यात होती, आईशेजारी बसून कांड्या भरत होती. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. तिनं आम्हाला पाहिलं आणि काम चालू ठेवलं.

माफी मागायला मी रिक्षात दोन-चार वाक्यं जुळवली होती. त्या आवाजात त्यांचा काही उपयोग नव्हता. शोभाक्कांनी मला पाहून भुवया उडवल्या. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले, “चुकलं माझं.”

त्यांनी ते वाचलं. कानाशी आल्या आणि ओरडल्या, “मला काय सांगताय? तिला सांगा.”

मी कावेरीपुढे गेलो, आप्पा बसले होते तसा उकिडवा बसायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी ऐकलं नाही, म्हणून तिथल्या सुताच्या पेटीवर बसलो. तिच्याकडे बघून म्हणालो, “चुकलं. तुला विचारायला पाहिजे होतं. तुझे कट असे का आहेत, तेच मला कळलं नाही. तू सांग.”

तिनं हातातली कांडी पूर्ण भरली. बाजूला ठेवली. मग माझी बाही धरून मला शोभाक्कांच्या मागापुढे उभं केलं आणि स्वतःच्या डोळ्यांकडे, मग आईच्या हातांकडे बोट दाखवलं. बघा.

मी बघत उभा राहिलो. सुरुवातीला माग दिसला, धोटा दिसला, फटका ऐकू आला. शोभाक्कांच्या हाताकडे बघायला मला वेळ लागला. धागा तुटतो, फटक्याचा आवाज बदलतो आणि मग हात माग थांबवायला जातो, असा माझा समज. पण हात आधी निघत होता. कांडी संपत आली हे डोळ्यांना कळायचं, खांदा हलायचा, कोपर उठायचं, आणि माझ्या कानाला काही कळेपर्यंत बोटं माग थांबवायच्या दांडीवर पोचलेली असायची. कावेरीनं माझ्या दंडावर बोटानं टिचकी मारली, कोपर उठलं त्या क्षणाला. पुन्हा उठलं, पुन्हा टिचकी. दहा-बारा वेळा. तिचे कट तिथं होते. निपाणीतल्या बायकांचेही तसेच, हात पानाकडे निघायचा तिथं. विनायकच्या वडिलांचे कुदळ वर जाण्याआधी खांदा भरून यायचा तिथं. गाणं हातांवर होतं, आणि मी ते ताशावर कापलं होतं.

बाहेर आल्यावर तिनं कानात मशीन घातलं. सायली म्हणाली, “कावू, मी बी गप्प बसले. ते बी चुकलं.” कावेरी तिच्याकडे बघून म्हणाली, “व्हय, चुकलं.” मग सायलीच्या स्कूटरवर मागे बसली. त्यांचं वाटेत काय झालं ते मला माहीत नाही.

ताईच्या माडीवर कावेरीनं प्रोजेक्ट उघडला आणि जुनी प्रत परत आणली. एक बटण. माझे दोन तास गेले. मग तिनं माझी प्रत शेजारी लावली आणि दोन्ही सुरुवातीपासून पाहिल्या. मधेमधे थांबत होती, स्पीकरवर तळवा ठेवून तोच तुकडा पुन्हा लावत होती. तासाभरानं म्हणाली, “तुमचे तीन ठेवते. इथं हात नाही, नुसता चेहरा आहे. इथं ठोका बरोबर.”

एक्केचाळिसांपैकी तीन. मी ते तिन्ही पाहिले. तिचं म्हणणं खरं होतं.

नाव तिनं परत घालू दिलं. खाली ‘साहाय्य – मामा’ असं सायलीनं टाकलं होतं, ते कावेरीनं पाहिलं आणि राहू दिलं.

कॉलेजात तो व्हिडिओ बाकीच्या सहा व्हिडिओंबरोबर दाखवला. टाळ्या पडल्या, फार नाही. एका सरांनी विचारलं की काही ठिकाणी कट जरा लवकर पडतात, ते मुद्दाम आहे का. विनायक उत्तर द्यायला उठला आणि मग बसला. कावेरी उठली आणि म्हणाली, “मुद्दाम आहे.” सरांनी पुढे विचारलं नाही. गुण काय मिळाले ते अजून मला कळलेलं नाही. विचारलं की सायली ‘बरे पडले’ म्हणते.

निघायच्या दिवशी सकाळी कावेरीनं आम्हाला कारखान्यात बोलावलं. तिनं व्हिडिओ फोनवर लावला आणि फोन मागाच्या चौकटीला टेकवून ठेवला. सहा बायका आळीपाळीनं आपापल्या मागावर एक डोळा ठेवून भोवती जमल्या. माग चालूच होते. गाण्याचा एक सूरही कुणाला ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. त्यांनी स्वतःचे हात पाहिले, निपाणीच्या बायकांचे हात पाहिले. एका शॉटला दोघींचे खांदे आपोआप हलले. मग विनायकचा चेहरा आला आणि त्या सगळ्या त्याचे ओठ वाचायला लागल्या. शोभाक्कांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. अख्खं कडवं त्यांनी तसं वाचून काढलं.

एका ओळीला सगळ्या एकदम थांबल्या आणि खदखदा हसायला लागल्या. एकीनं कावेरीला हातांनी काहीतरी विचारलं. कावेरी हसली, आठवड्यात मी तिला पहिल्यांदा तशी हसताना पाहिलं, आणि तिनं हातांनीच काहीतरी उत्तर दिलं. त्यावर बायका आणखी हसल्या. एकीनं डोळे पुसले.

मी सायलीकडे पाहिलं. तिला कळलं नव्हतं. विनायकला कळलं नव्हतं, आणि गाणं त्याचं होतं.

बाहेर आल्यावर मी कावेरीसमोर उभा राहिलो आणि विचारलं, “काय झालं होतं?”

“विनायक गातो, ‘उडून गेली पाखरं’,” ती म्हणाली. “ओठांवर पाखरं आणि भाकर एकच दिसतं. त्यांनी वाचलं, ‘उडून गेली भाकर’. विचारत होत्या, कुठं गेली गं उडून?”

“मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, दिवसभर कुठंबी जाते. सांजचं घरला येते.”

आतून एक बाई दारात आली आणि तिनं हातानं गोल फिरवून दाखवलं. पुन्हा लाव. कावेरी फोन घेऊन आत गेली.